‘सरकारचे जावई’ आणि कल्याणकारी राज्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मसुदा)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो.

कार्यकारिणीने मला विषय दिला तो असा : निरनिराळ्या देशांतील जीवनमान आणि समाजकल्याणाकडे पाहण्याची तेथील दृष्टी. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. गेली पंचवीस वर्षे या देशात रोगी तपासणारा एक सामान्य डॉक्टर आहे. तरीही हा विषय मी आनंदाने स्वीकारला, आणि त्याला एक कारण घडले. ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका कुटुंबात नामकरणाचा कार्यक्रम होता. जेवणे झाल्यावर नेहमीप्रमाणे गप्पा रंगल्या. कोणाची बहीण न्यू जर्सीत, कोणाचा भाऊ दुबईत, कोणाचे आईवडील अजून अमरावतीला. तेव्हा कोणता देश चांगला, ही चर्चा अपरिहार्यच. बोलता बोलता एक तरुण मित्र म्हणाला, “आपण राब राब राबायचं, टॅक्स भरायचा, आणि पलीकडच्या कौन्सिलच्या घरांतल्या या फुकट्यांनी बसून खायचं !” मुलगा सुस्वभावी आहे, हुशार आहे, मंडळाच्या कामाला सर्वांत आधी धावून येतो. सगळे हसले. मीही हसलो.

घरी परतताना गाडीत मात्र मला पस्तीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. विदर्भातील एका वैद्यकीय महाविद्यालयाचे वसतिगृह. आम्ही चौघे जण मेसमध्ये शिरत होतो. आमची भारत सरकारची शिष्यवृत्ती नेहमीप्रमाणे वर्षअखेरीस येणार होती, आणि तोवर मेसचे बिल थकलेले होते. टेबलावरून आवाज आला, “या, या ! सरकारचे जावई आले !” तेव्हाही सगळे हसले होते. आम्ही चौघे तेवढे हसलो नव्हतो.

‘फुकटे’ आणि ‘सरकारचे जावई’ या दोन शब्दांत किती अंतर आहे, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मनात आला. आजचे माझे सर्व बोलणे त्या एका प्रश्नाभोवती आहे.

जीवनमान कशाने मोजावे ? घरापुढील मोटारी मोजून ते कळत नाही, हे आपण जाणतोच. आम्हा डॉक्टरांची मोजपट्टी साधी असते. जन्मलेले मूल वर्षभर जगते का ? बाळंतीण घरी परतते का ? गरीब माणूस कितव्या वर्षी मरतो आणि श्रीमंत कितव्या ? या पट्टीने पाहिले की चित्र पालटते. अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के हिस्सा आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन सुमारे ११ टक्के. आणि सरासरी आयुर्मान मात्र अमेरिकेचे ब्रिटनपेक्षा दोन वर्षांहून अधिक कमी. १९९० साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा लेख प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय पुरुषाला वयाची पासष्टी गाठण्याची जितकी आशा होती, तिच्यापेक्षा अधिक आशा बांगलादेशातील पुरुषाला होती, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या देशातलेच उदाहरण घ्यावयाचे तर, २०२० च्या नमुना नोंदणीनुसार दर हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू मध्य प्रदेशात ४३, महाराष्ट्रात १६ आणि केरळात अवघे ६ होते. त्याच वर्षी अमेरिकेचा आकडा पाच आणि सहाच्या दरम्यान होता. केरळचा माणूस अमेरिकन माणसाच्या मानाने किती मिळवतो, हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा पैसा आवश्यक आहे. पण तो कोणासाठी, कोणत्या वृत्तीने खर्च होतो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

या वृत्तीचा अनुभव मला २००९ च्या जानेवारीत आला. पहाटे तीन वाजता फोन वाजला. अमेरिकेहून धाकटी बहीण बोलत होती. “दादा, यांच्या छातीत दुखतंय. घामानं भिजलेत. ॲम्ब्युलन्स बोलावू का ?” मी ओरडलोच, “मला काय विचारतेस ? आधी बोलव !” ती गप्प. मग हळूच म्हणाली, “दादा, मागच्या महिन्यात यांची नोकरी गेली. इन्शुरन्सपण गेला. हे म्हणतात, गॅसच असेल, सकाळपर्यंत पाहू.” माझे मेहुणे एम. टेक. झालेले गृहस्थ. छातीतील वेदना कशाची आहे हे त्यांना पुरेपूर कळत होते. पण त्यांचे मन हृदयाकडे नव्हते, बिलाकडे होते. शेवटी बहिणीने ॲम्ब्युलन्स बोलावली. हृदयविकाराचाच झटका होता. रुग्णालयातील डॉक्टरांनी उत्तम उपचार केले आणि ते वाचले. पुढे चार वर्षे ते दोघे त्या आठ दिवसांचे हप्ते फेडीत होते.

त्यानंतर, २०१० साली, तेथे नवा कायदा झाला आणि परिस्थिती बरीच सुधारली, हे सांगितलेच पाहिजे. परंतु जगातील सर्वांत धनाढ्य देशात एका सुशिक्षित माणसाने आपल्या छातीतील कळ पैशाच्या तराजूत तोलावी, ही पाळी का आली ? याचे उत्तर आपल्याला, विशेषतः आपल्याला, चटकन समजेल. १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला, तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेकडील बहुसंख्य कृष्णवर्णीय माणसे हीच दोन कामे करीत होती. कायद्यात वर्णाचा शब्दही नव्हता. गावकुसाबाहेर कोण राहतो हे सातबारावर लिहावे लागत नाही, तसेच ते. पुढे १९६५ साली वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आले, आणि या सरकारी पैशाने एक चमत्कार घडवला. वर्णावरून रुग्णांना वेगळे ठेवणाऱ्या रुग्णालयाला हा पैसा मिळणार नाही, अशी अट होती. गोऱ्यांचा आणि काळ्यांचा विभाग पिढ्यान्‌पिढ्या निराळा ठेवणाऱ्या दक्षिणेतील शेकडो रुग्णालयांनी १९६६ साली काही महिन्यांच्या आत मधल्या भिंती पाडल्या. उपदेशाने जे झाले नव्हते ते अनुदानाच्या अटीने झाले. पण ‘आपल्या कष्टाचा पैसा त्या लोकांवर का उधळायचा’ ही कुरकुर तेथे कधी थांबली नाही. ‘ते लोक’ म्हणजे कोण, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

आता आपण राहतो त्या देशाकडे येऊ. सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल १९४२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढण्याची ती योजना होती. हे बेव्हरिज जन्मले आपल्याच उपखंडात, बंगालमधील रंगपूरला. आणि १९१९ पासून १९३७ पर्यंत ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. म्हणजे बाबासाहेब १९२० साली लंडनला परतून अर्धपोटी अभ्यास करीत होते, तेव्हा त्या संस्थेच्या प्रमुखपदी हेच गृहस्थ होते. पुढे अहवालाचे रूपांतर आरोग्यसेवेत करणारा मंत्री अन्युरिन बेव्हन हा वेल्समधील खाणकामगाराचा मुलगा, वयाच्या तेराव्या वर्षी स्वतः खाणीत उतरलेला. ५ जुलै १९४८ रोजी ही सेवा सुरू झाली. त्यापूर्वी, १९११ च्या कायद्याने, कामगाराला विम्याचा डॉक्टर मिळत असे. त्याच्या बायकोला मिळत नसे. त्यामुळे सेवा सुरू होताच दवाखान्यांत कोण आले ? अंग बाहेर आलेले असताना वर्षानुवर्षे कापडाच्या घड्या बांधून घरकाम करणाऱ्या स्त्रिया आल्या. त्यांनी आजवर कोणालाही सांगितले नव्हते, कारण सांगायला पैसे पडत होते.

हे मी प्रथम वाचले, तेव्हा मला माझी आई दिसली.

माझे बाबा नागपूरच्या एका गिरणीत साचेवाले होते. आई घरी बिड्या वळायची. बाबांजवळ कामगार विम्याचे कार्ड होते. हप्ता पगारातून कापला जाई. मी सातवीत असताना बाबांना क्षय झाला. त्या काळी क्षय म्हणजे घराचा नाश. पण बाबा कामगार विमा रुग्णालयात राहिले, औषध मिळाले, आणि कामावर नसतानाही पगाराचा काही हिस्सा घरी येत राहिला. त्या पैशावर आमची चूल पेटली आणि माझी शाळा सुटली नाही. आईचे मात्र निराळे. ती आजारी पडली तर औषध बाबांच्या कार्डावर मिळे. पण मजुरी त्याच दिवशी बंद. ठेकेदाराच्या वहीत तिचे नावच नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर नवव्या दिवशी आई सूप मांडीवर घेऊन बसली होती, असे आजी सांगायची. एकाच छपराखाली एकाला हक्क होता, आणि दुसरीला ठेकेदाराची मर्जी सांभाळावी लागे.

बाबांचे ते कार्ड कोठून आले ? १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याचा अभ्यास सोपवला गेला. १९४४ साली त्यांचा अहवाल आला. आणि त्यातूनच पुढे एप्रिल १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा संमत झाला. म्हणजे ब्रिटनची आरोग्यसेवा सुरू होण्याच्या तीन महिने आधी. माझी शिष्यवृत्तीही त्याच काळातली. महाविद्यालयात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती बाबासाहेबांच्या आग्रहामुळे. आणि बाळंतीण स्त्रीला भरपगारी विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात भाषण केले ते १९२८ साली, माझ्या आईच्या जन्मापूर्वी. तो लाभ तिच्यापर्यंत पोहोचला नाही, हा दोष त्या विचाराचा नव्हे, वही ठेवणाऱ्याचा.

आपण जयंतीला बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो ते योग्यच. परंतु त्यांच्यातील मजूरमंत्र्याचे स्मरण आपल्याला कमी होते. दान देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. आपल्या समाजाने हजारो वर्षे खालच्या हाताने शिळे अन्न घेतले. बाबासाहेबांनी जे मागितले त्यात हात वर-खाली नव्हते. कायदा होता, हप्ता होता, कार्ड होते. धम्मात दानाला मोठे स्थान आहे, ते मी नाकारीत नाही. विहारासाठी आपण सारे देतोच. पण दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त काढून पाहावे. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, असा क्रम तेथे सांगितला आहे. दोष चोराच्या पूर्वजन्मावर ढकललेला नाही. तो राजाच्या धोरणात दाखवला आहे.

महाराष्ट्राने या वाटेवर एकदा फार मोठे पाऊल टाकले होते, त्याचाही उल्लेख अगत्याचा वाटतो. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. पुढे १९७७ साली कायदा झाला, आणि मागेल त्याला काम देणे राज्यावर बंधनकारक ठरले. याचा खर्च भागवण्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवला होता. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि त्यातून बीड-उस्मानाबादकडच्या मजुराला खडी फोडण्याचे का होईना, काम मिळे. त्या कारकुनाने कुरकुर केली असेल. पण कर दिला. देशव्यापी कायदा २००५ साली झाला तो याच अनुभवावर.

आखाताविषयी फार बोलत नाही, कारण तेथे राहणारे आपले बांधव ते अधिक जाणतात. उत्तम रस्ते, उत्तम रुग्णालये, नागरिकांना घरापासून शिक्षणापर्यंत सर्व काही. पण ज्याने ते रस्ते बांधले त्याचा तेथील मुक्काम मालकाच्या सहीवर. पारपत्राचा रंग हीच तेथली जात.

मग ब्रिटन म्हणजे सुखावती का ? तसे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये अलीकडच्या वर्षांत उपचाराच्या प्रतीक्षायादीने सत्तर लाखांचा आकडा ओलांडला. व्हिसावर येणाऱ्या आपल्या मुलांना २०१५ पासून आरोग्य अधिभार भरावा लागतो, आणि कर निराळा. वेल्सच्या खाणवस्तीत डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ सालीच लिहून ठेवले की, ज्यांना उपचारांची गरज अधिक त्यांच्या वाट्याला चांगले उपचार कमी येतात. माझ्या भागात हे रोज दिसते. आणि लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेला व्हाइटहॉलचा अभ्यास तर आपण सर्वांनी समजून घ्यावा असा आहे. हे सगळे कचेरीत काम करणारे, पगारी, सर्वांना डॉक्टर मोफत. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब हे सारे हिशेबात धरूनही फरक उरला. ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाने वागावे लागते, ज्याच्या शब्दाला किंमत नाही, त्याचे शरीर लवकर झिजते. अपमानाने माणूस मरतो, हे आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते. शास्त्राला ते पुढे कळले.

आता पुन्हा माझ्या त्या तरुण मित्राकडे. मी त्याला नंतर फोन केला. म्हटले, बाबा, आपण दोघे हिशेब मांडू. मी डॉक्टर झालो त्याचा खर्च कोणी केला ? महाराष्ट्राच्या करदात्याने. त्यात बिडी ओढणाराही आला आणि आगपेटी विकत घेणारी बाईही आली. मी शिकून झालो आणि त्यांना सोडून येथे आलो. म्हणजे एका गरीब राज्याने एका श्रीमंत देशाला तयार डॉक्टर मोफत दिला. हे कोणते कल्याण, आणि यात फुकट खाणारा कोण ? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पण सर, काही लोक खरोखरच फसवतात.” फसवतात. मी नाकारले नाही. खोटे दाखले मागणारे माझ्या खुर्चीसमोर येऊन बसतात, आणि मी त्यांना परत पाठवतो. पण खोटी जातप्रमाणपत्रे घेणारेही असतात. म्हणून आरक्षण खोटे ठरते का? यावर आमचे एकमत अजून पूर्ण झालेले नाही. तो आज सभागृहात आहे आणि जेवणाच्या वेळी मला गाठणार, हे मी जाणून आहे.

शेवटी एका काकूंविषयी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पंच्याहत्तर. वीस वर्षे रुग्णालयाच्या धोबीखान्यात काम केले, दरमहा राष्ट्रीय विमा भरला. काका गेले. गुडघे निकामी, हाताला कंप. आंघोळीला मदत लागते, रात्री उठताना दोनदा पडल्या. मी म्हटले, काकू, तुम्हाला अटेंडन्स अलाउन्स मिळतो. उत्पन्न पाहत नाहीत, बचत पाहत नाहीत; निवृत्तीच्या वयानंतर सहा महिन्यांपासून दुसऱ्याची मदत लागत असेल तर अर्ज करता येतो. २०२५-२६ साली आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड, असा दर होता. काकू म्हणाल्या, “नको बाबा. लोक म्हणतील, आंबेडकरांची माणसं इथंही सरकारवर जगतात.”

मी त्यांना बाबांच्या कार्डाची गोष्ट सांगितली, आईची सांगितली. तरी त्या तीन आठवडे नाही म्हणत होत्या. मग एके रविवारी आम्ही दोघे त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो आणि तो लांबलचक अर्ज भरला. ‘तुम्हाला अंगावर कपडे घालताना काय अडचण येते’ या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “लिही, काही नाही.” मी विचारले, “काकू, लुगडं कोण नेसवतं ?” म्हणाल्या, “नेसतच नाही आता. गाऊनच घालते.” ते मी लिहिले.

तेव्हा एक व्यवहाराची सूचना. जेवणानंतर दोन ते चार मी आणि आपल्या दोन भगिनी, ज्या नगरपालिकेत नोकरी करतात, खालच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांनी यावे. राष्ट्रीय विमा क्रमांक आणि औषधांची यादी सोबत असावी. स्कॉटलंडहून आलेल्यांसाठी योजनेचे नाव निराळे आहे, ते आम्ही सांगू. अर्जात आपल्या चांगल्या दिवसाचे वर्णन करू नका, वाईट दिवसाचे करा. आपली माणसे नेमके उलटे करतात. आणि काकू आज आलेल्या आहेत. त्यांनी स्वतः होऊन सांगितले आहे की, कोणाला लाज वाटत असेल तर त्याला माझ्याजवळ बसवा.

जयभीम.